सरोवराखालची तिरकी फळी: खचदरीतल्या तळ्याचा गाळ आणि फॉल्ट कसा वाचायचा

शाळेत खचदरीची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. दोन बाजूंना दोन फॉल्ट (खडकातल्या भेगा, ज्यांच्या कडेने जमीन सरकते), मधला जमिनीचा तुकडा लिफ्टसारखा सरळ खाली गेलेला, कडेला दोन गट पर्वत. आकृती सुबक असते आणि गुणही पुरते मिळतात. पण तीच आकृती हातात धरून पूर्व आफ्रिकेतलं टांगानिका किंवा मलावी सरोवर समजून घ्यायला बसलात, तर तासाभरात गोंधळ उडतो. एका काठाला उंच कडा, समोरच्या काठाला सौम्य उतार. शंभरेक किलोमीटर पुढे गेलं की बाजूंची अदलाबदल.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 'प्रोब' प्रकल्पाने या सरोवरांवरून बोटी फिरवून तळाखालच्या गाळाची ध्वनिचित्रं घेतली, तेव्हा या गोंधळाचा उलगडा झाला. तळ लिफ्टसारखा खाली जात नाही, पोटमाळ्याच्या झडपेसारखा उघडतो. एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला मोठा फॉल्ट, ज्याच्या कडेने फळी खाली घसरते. अशा अर्धवट खचदऱ्या एकापुढे एक असतात आणि त्यांची झडप बहुधा आलटून पालटून उघडते: एक पूर्वेला, पुढची पश्चिमेला.

अशी झडप कुठल्या बाजूला आहे, किती वेगाने उघडते आहे आणि गाळ तिला कसा भरतो आहे, हे घरबसल्या ओळखायची रीत खाली दिली आहे. भूशास्त्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ती उपयोगी पडेल; बाकीच्यांनाही जड जाऊ नये. साहित्य म्हणजे गुगल अर्थ प्रो, आलेख कागद, साधा कॅल्क्युलेटर आणि जमलं तर एक जुनी काचेची मत्स्यपेटी. एक गोष्ट आधीच सांगतो. कड्यावर विश्वास ठेवायचा नाही, गाळावर ठेवायचा.

आधी नकाशावर काठ पाहा

टांगानिकापासून सुरुवात करा. सुमारे ६७० किलोमीटर लांब, सरासरी ५० किलोमीटर रुंद, कमाल खोली सुमारे १,४७० मीटर. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून जेमतेम ७७० मीटरवर आहे, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही ७०० मीटर खाली गेला. त्याखाली आणखी काही किलोमीटर गाळ.

दोन्ही काठांवर बोट फिरवा. जिथे काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे, डोंगर थेट पाण्यात उतरतो, किनारी गाव वसवायलाही जागा नाही, तिथे पेन्सिलीने जाड रेघ मारा. जिथे काठ वेडावाकडा आहे, खाड्या आहेत, नद्यांचे त्रिभुज प्रदेश पाण्यात पसरलेत, तिथे तुटक रेघ. जाड रेघा कुठे एका काठावर तर कुठे दुसऱ्या काठावर पडतात, आणि नागमोडी आकार उमटतो. एकेक वळण म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरची एक झडप.

या जाड रेघा तूर्त फक्त संशयित आहेत, आरोपी नाहीत.

मग आडवा छेद घ्या, पण उभ्या मापाला फसू नका

मलावी सरोवराच्या उत्तर टोकाला, टांझानियातल्या लिव्हिंगस्टन डोंगरांपासून पश्चिमेला करोंगा गावापलीकडे एक रेघ ओढा आणि उंचीचा आलेख उघडा. पाण्यावर रेघ सपाट येईल. तळाची खोली प्रसिद्ध नकाशांवरून हाताने भरावी लागते. सरोवराचा पृष्ठभाग सुमारे ४७४ मीटरवर आणि कमाल खोली ७०० मीटरच्या आसपास आहे.

कागदावर आडवं माप १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर आणि उभं माप १ सेंटिमीटरला ५०० मीटर घेतलं, तर उभी बाजू दहापट ताणली जाते. मग ६० अंशांचा फॉल्ट कागदावर ८७ अंशांचा, म्हणजे जवळजवळ भिंत दिसतो, आणि २ अंशांचा सौम्य उतार १९ अंशांचा होऊन बसतो. नवखा माणूस त्या १९ अंशांच्या उतारालाही फॉल्ट समजतो आणि दोन्ही बाजूंना रेघा मारून शाळेतली आकृती पुन्हा काढतो. म्हणून ताण किती पट आहे तो आकडा आकृतीच्या कोपऱ्यात आधी लिहायचा, मगच पेन्सिल पुढे.

माझी स्वतःची फजिती रुक्वा सरोवराच्या बाबतीत झाली. हे टांगानिकाच्या आग्नेयेला आहे, मध्ये उफिपाचं पठार. छेद काढला तर उफिपाचा कडा नजरेत भरला, म्हणून मी नैऋत्य बाजूला मुख्य फॉल्टची ठसठशीत रेघ मारून मोकळा झालो. फॉल्ट तिथे आहेही. पण गाळाचा छेद पाहिला, तर थर जाड होत जातात ते समोरच्या, ईशान्येच्या लुपा फॉल्टकडे. झडपेची फळी तिकडे खाली गेली होती. मी पाहिलेला कडा खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता.

सह्याद्री पाहत वाढलेल्या माणसाला ही चूक जास्त सोपी जाते. कोकणातून घाटमाथ्याकडे पाहिलं की 'इथे जमीन खचली' असं म्हणायचा मोह होतोच. पण आज दिसणारा तो कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आलेला आहे. कड्याच्या पायथ्याशी ताजा फॉल्ट असलाच पाहिजे, असं काही नाही.

नद्यांना विचारा जमीन कुठे कलली

मोठ्या फॉल्टने एक बाजू खाली गेली की तिच्या वजनातून सुटलेली शेजारची बाजू थोडी वर उचलली जाते. या उचललेल्या काठाचा उतार सरोवराच्या उलट दिशेला होतो, आणि त्यावर पडलेला पाऊस बराचसा सरोवराला पाठ दाखवून निघून जातो. सरोवरात उतरतात त्या फक्त आखूड, खडे उताराचे ओढे, जे गोटे आणि भरड वाळू थेट खोल पाण्यात टाकतात. मोठी नदी तीन ठिकाणांहून येते: बिजागरीच्या बाजूने, सरोवराच्या टोकाकडून लांबीच्या दिशेत, किंवा दोन झडपांच्या मधल्या सांध्यातून.

टांगानिकात रुझिझी उत्तर टोकातून येते. १८७१ साली लिव्हिंगस्टन आणि स्टॅन्ली हे शोधप्रवासी होडीने मुद्दाम तिकडे गेले ते हेच पाहायला की ही नदी सरोवरात शिरते की बाहेर पडते. बाहेर पडत असती तर नाईलच्या उगमाचा धागा हाती लागला असता. ती शिरत होती. गंमत अशी की रुझिझी ज्या किवू सरोवरातून येते, त्याचं पाणी पूर्वी उत्तरेला वाहत असे. विरुंगाच्या ज्वालामुखींनी वाट अडवली आणि पाणी दक्षिणेला उलटलं. म्हणजे टांगानिकाच्या उत्तर टोकाला येणारं पाणी आणि गाळ किती, हे फॉल्टने नाही तर लाव्हाने ठरवलं.

मलावीच्या पूर्व काठावरची रुहुहू नदी आणखी बोलकी आहे. लिव्हिंगस्टन डोंगरांची भिंत जिथे संपते, तिथून ती सरोवरात येते, आणि येते ती एका जुन्या खचदरीतून. त्या खचदरीत पर्मियन काळातला, २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा दगडी कोळसा आहे. आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळशाचाच हा समकालीन. त्या वेळी दोन्ही भूभाग गोंडवन या प्राचीन महाखंडात एकत्र होते. मेलेल्या खचदरीने जिवंत खचदरीला नदी पुरवायची, असं निसर्गात पुष्कळदा घडतं. नकाशावर नदी विनाकारण डोंगर फोडून आलेली दिसली, तर आधी जुना फॉल्ट शोधा.

मत्स्यपेटीत खचदरी

इथवरचं सगळं वरवरचं. आत काय होतं हे डोळ्यांनी पाहायचं, तर दोन फुटांची काचेची पेटी घ्या. तिच्यात मावेल अशी प्लायवूडची फळी घ्या. एका टोकाला बिजागरी लावून ती पेटीच्या भिंतीशी पक्की करा, दुसऱ्या टोकाला दोरी बांधा. दोरी सोडली की ते टोक समोरच्या काचेला घासत खाली जाईल. ती काच म्हणजे तुमचा फॉल्ट. फळी आडवी ठेवून वर सहा इंच पाणी भरा.

थरांसाठी पांढरी रांगोळी, चाळलेली नदीची वाळू आणि विटेचा चुरा वापरा. गुलाल चुकूनही नको. पहिल्या वेळी मी तो टाकला आणि अर्धा तास गुलाबी पाण्यापलीकडे काही दिसेना.

पहिला थर पांढऱ्या रांगोळीचा भुरभुरवा, थांबा. दोरी एक सेंटिमीटर सोडा. विटेचा चुरा टाका. आता नीट पाहा. नुसता भुरभुरवलेला चुरा तिरक्या फळीवर सगळीकडे जवळजवळ सारख्याच जाडीने बसतो. फॉल्टकडे जाड होत जाणारी पाचर तयार होतच नाही! मुलं इथे नाराज होतात. मग प्लॅस्टिकची पट्टी पाण्यात घालून तळाजवळ अगदी हळू हलवायची. कण उठतात, ढगासारखे उताराने घसरतात आणि काचेकडच्या खोल कोपऱ्यात जाऊन बसतात.

खऱ्या सरोवरातही गाळाची हीच दोन रूपं आहेत. वरच्या पाण्यात वाढणाऱ्या डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची कवचं बर्फासारखी सगळीकडे सारखी पडतात आणि तळावर चादर घालतात. नदीच्या पुराने किंवा भूकंपाने सुटलेली गढूळ लाट मात्र तळालगत वाहत सर्वांत खोल जागी जाते आणि खड्डा भरते. चादर तळाचा आकार जपते, भराव तो पुसतो. छेदात कुठला थर चादरीचा आणि कुठला भरावाचा, हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

दोरी सोड, थर टाक, पट्टी फिरव, असं सहा-सात वेळा करा आणि पेटीकडे बाजूने पाहा. थर जपानी पंख्यासारखे उलगडलेले दिसतील: बिजागरीकडे चिमटलेले, काचेकडे जाड, आणि खालचे थर वरच्यांपेक्षा जास्त कललेले. आता शेवटी दोरी न सोडता दोन थर टाका. ते सपाट बसतात. फॉल्ट झोपला की गाळ असाच बसतो.

पेटीत एकच गोष्ट दाखवता येत नाही, ती म्हणजे वजन. पृथ्वीच्या खऱ्या कवचावर गाळाचा भार पडला की ते आणखी दबतं. पाण्याची घनता १, गाळाची साधारण २.२ आणि खालच्या प्रावरणाची ३.३ धरा. पाणी हटवून गाळ भरला, तर १ किलोमीटर खोल पाण्याच्या जागी (३.३ − १) ÷ (३.३ − २.२), म्हणजे सुमारे २.१ किलोमीटर गाळ मावतो. कवच ताठ असल्याने प्रत्यक्षात आकडा कमी येतो, पण दिशा हीच. फॉल्ट खड्डा काढतो, आणि गाळ तो भरता भरता आणखी खोल करतो.

ध्वनिचित्र वाचताना

बोटीतून हवेच्या दाबाचा धमाका करतात, आवाज तळातल्या थरांवरून परततो, परतायला लागलेला वेळ नोंदवतात. हाती येतं ते चित्र उभ्या अक्षावर मीटर नाही, सेकंद दाखवतं, तेही जाऊन-येऊन. हे विसरलात तर सगळी मोजमापं दुप्पट होतात.

समजा, तळाची रेघ ०.६ सेकंदाला आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणून खोली ०.६ × १,५०० ÷ २ = ४५० मीटर. फॉल्टच्या बाजूला गाळाचा बूड २.६ सेकंदाला दिसतो. मधल्या २ सेकंदांना सरासरी २,२०० मीटर वेग धरला तर गाळ २,२०० मीटर. बिजागरीकडे तोच थरसमूह ०.४ सेकंदाचा, तिथला गाळ कमी दबलेला, वेग १,८०० धरा, जाडी ३६० मीटर. फॉल्टकडे सहापट जाड. रुक्वाच्या बाबतीत मी हा हिशेब आधी केला असता तर वरची फजिती टळली असती.

एवढ्यावर थांबू नका. छेदात ठळक दिसणाऱ्या दोन रेघा निवडा आणि त्यांच्यामधलं अंतर फॉल्टपासून बिजागरीपर्यंत पाच-सहा ठिकाणी मोजा. अंतर सगळीकडे सारखं असेल, पण दोन्ही रेघा कललेल्या असतील, तर गाळ आधी बसला आणि जमीन नंतर कलली. अंतर फॉल्टकडे वाढत असेल, तर गाळ बसत असतानाच फॉल्ट हलत होता. आणि वरच्या थरांची जास्तीत जास्त जाडी मोठ्या फॉल्टपासून सुटून सरोवराच्या मधोमध आली असेल, तर हालचाल आतल्या छोट्या फॉल्टांकडे सरकली आहे.

आतले फॉल्ट दुय्यम म्हणून सोडून देऊ नका. डिसेंबर २००९मध्ये करोंगा भागात भूकंपांची मालिका झाली. सर्वांत मोठा धक्का ६च्या आसपासचा. मोठा फॉल्ट पूर्व काठावर, लिव्हिंगस्टन डोंगरांच्या पायथ्याशी. जमीन फाटली ती पश्चिम काठावर, बिजागरीच्या बाजूला.

कोअर: वेगाचा हिशेब इथे लागतो

ध्वनिचित्र आकार सांगतं, वय सांगत नाही. त्यासाठी तळात नळी घालून गाळाचा कोअर, म्हणजे उभा दंडगोल, काढावा लागतो. २००५ साली मलावी सरोवरात असं आंतरराष्ट्रीय खोदकाम झालं. तळाखाली सुमारे ३८० मीटरपर्यंतचा गाळ वर आला, आणि त्यात सुमारे १३ लाख वर्षांची नोंद होती.

कोअर उभा चिरून टेबलावर ठेवला की आधी पट्ट्या पाहायच्या. फिकट-गडद बारीक पट्ट्या म्हणजे खोल, प्राणवायू नसलेला तळ, जिथे गाळ ढवळायला किडामुंगीही नाही. फिकट पट्टी डायॅटमची, गडद पट्टी जमिनीवरून आलेल्या मातीची. खाली भरड आणि वर बारीक होत जाणारा थर म्हणजे ती गढूळ लाट. चुनखडीयुक्त, घट्ट, पट्ट्या हरवलेला गाळ म्हणजे सरोवर आटलं होतं. सुमारे १ लाख ३५ हजार ते ७५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात मलावीची पातळी काही वेळा ५०० मीटरहून अधिक घसरली. हे ध्वनिचित्र वाचणाऱ्यानेही ध्यानात ठेवावं. आजच्या पाण्याखाली शेकडो मीटर बुडालेला त्रिभुज प्रदेश दिसला तर तो फॉल्टने खाली नेला असं लगेच म्हणू नये. पाणीच तिथवर खाली गेलेलं असू शकतं. दोन्ही काठांवर तो एकाच पातळीला सापडला तर करणी पाण्याची, एकाच काठावर खोल सापडला तर फॉल्टचा संशय घ्यायचा.

आता वेग. ३८० मीटर भागिले १३ लाख वर्षं, म्हणजे वर्षाला ०.२९ मिलिमीटर. नखाच्या जाडीएवढा गाळ साचायलाही वर्षभराहून जास्त लागतं. त्याच कोअरमध्ये २५ ते ३० मीटर खोलीवर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख सापडली, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. त्यावरून वेग येतो ०.३३ ते ०.४० मिलिमीटर. दोन आकडे जुळत नाहीत, आणि तसंच व्हायला हवं. खालचा गाळ वरच्या भाराने दबून पातळ झाला आहे, शिवाय मधल्या कोरड्या काळांत गाळ कमी साचला, कुठे झिजलाही. (टोबाची राख आपल्याकडेही आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी गावात तिचा थर आहे. ती टोबाच्या कुठल्या उद्रेकातली यावर मात्र वाद रंगलेले आहेत.)

हा सरासरी वेग पाहून फॉल्टही वर्षाला तेवढाच हलतो असं समजू नका. फॉल्ट शतकानुशतकं गप्प बसतो आणि एका दिवसात मीटरभर सरकतो. सैबेरियातलं बैकल सरोवरही असंच खचदरीतलं. १८६२च्या जानेवारीत तिथल्या सेलेंगा नदीच्या त्रिभुज प्रदेशाचा सुमारे २०० चौरस किलोमीटरचा तुकडा भूकंपात खाली गेला आणि त्यावर पाणी चढलं. नदीने हजारो वर्षं आणून टाकलेली जमीन सरोवराने एका झटक्यात परत घेतली. त्या जागेला आज प्रोवाल, म्हणजे खचल्याचा, उपसागर म्हणतात. कोअरमध्ये असा दिवस शोधायचा तर एकाच वयाची गढूळ लाट सरोवरात दूरदूरच्या अनेक ठिकाणी सापडते का ते पाहायचं. एका नदीच्या पुराने तसं होत नाही.

हे सगळं उघड्यावर पाहायचं असेल तर

आफ्रिकेला जाणं प्रत्येकाला जमणार नाही. गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा जमेल. प्राणहिता-गोदावरीचं खोरं ही गोंडवन काळातली खचदरी आहे, कडेला वायव्य-आग्नेय धावणारे फॉल्ट, आत काही किलोमीटर जाड गाळ. यातल्या ज्युरासिक काळातल्या कोटा थरांमध्ये गोड्या पाण्यात तयार झालेला चुनखडक आहे आणि त्यात माशांचे जीवाश्म मिळतात. सरोवर कधीच भरून गेलं. आता त्यावर रस्ते, शेतं आणि जंगल आहे. जीवाश्मांना हात लावायचा नाही. वडधमला त्यासाठी जीवाश्म उद्यान आहे, तिथे पाहायचे.

सोबत क्लायनोमीटर (थरांचा कल मोजायचं साधन) आणि वही न्या. खोऱ्याला आडवं जाणारा रस्ता धरा, थर उघडे दिसतील तिथे थांबा, कल किती अंश आणि कुठल्या दिशेला ते लिहा आणि पुढच्या उघड्या जागेपर्यंत चाला. दहा-बारा नोंदी झाल्या की त्या आलेख कागदावर मांडा, कोपऱ्यात उभा ताण किती पट ते लिहा, आणि फळी कुठल्या बाजूला खाली गेली होती याचा अंदाज नोंदवून ठेवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा नकाशा त्यानंतरच उघडायचा.